रवंथ करणारा सीडी प्लेअर

डॉक्टरांनी उभ्या आयुष्यात एकही निर्णय चुकीचा घेतला नाही. हे विधान मी पूर्ण जबाबदारीनं करतो आहे. मी इतिहासाचा शिक्षक होतो. थोर माणसांच्या चुका परीक्षेत विचारण्यात माझी सगळी नोकरी सरली. राजे चुकले, सेनापती चुकले, ज्यांचे चौकाचौकांत पुतळे आहेत तेही कुठे ना कुठे चुकले. डॉक्टर चुकले नाहीत. त्यांनी एकूण निर्णय किती घेतले हा प्रश्न वेगळा, आणि तो त्यांच्यासमोर कोणी काढत नसे.

तसे ते डॉक्टरही नव्हते. जनावरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक म्हणून लागले आणि पट्टीबंधक म्हणूनच निवृत्त झाले. पण खरे डॉक्टर चिखलीहून सवडीनं येत आणि म्हशी सवड बघून अडत नसत, त्यामुळे गावानं ती पदवी परस्पर यांना देऊन टाकली. निवृत्तीनंतरही गळ्यातला जुना स्टेथास्कोप त्यांनी उतरवला नव्हता. लग्नाला जाताना तेवढा तो सदऱ्याच्या आत घालत.

मी अमडापूरला ज्युनिअर कॉलेजात लागलो तेव्हा त्यांच्या माडीवरची खोली भाड्यानं घ्यायला गेलो. त्यांनी मला तीनदा जिना चढायला आणि उतरायला लावलं. मला वाटलं, जिना दाखवताहेत. डॉक्टर खाली उभे राहून मान तिरकी करून बघत होते.

"पाय मोकया हाये," ते स्वयंपाकघराच्या दिशेनं म्हणाले. "राहू दे."

"भाड्याचं काही बोलले का?" आतून त्यांच्या पत्नीचा, म्हणजे काकूंचा, आवाज आला.

"ते मंग."

हा माझा आणि त्यांचा परिचय. पुढे नऊ-दहा वर्षं मी तिथे राहिलो आणि त्यांचं "चालवून पाहू" हे वाक्य इतक्यांदा ऐकलं, की माझ्याही तोंडात बसलं. वाक्य बैलबाजारातलं आहे. तिथे जाणता माणूस बैलाचा रंग आणि शिंगं बघून भुलत नाही. कासरा हातात घेतो आणि बैल चालवून पाहतो. ओळखीचा मालक असेल तर आठ दिवस घरी नेऊन औताला जुंपतो. जनावर मनात भरलं तरच पुढची बोलणी, आणि ती तोंडानं नाही. दोघांच्या हातांवर दुपट्टा टाकायचा, त्याखाली एकमेकांची बोटं धरायची, भाव बोटांनी ठरतो. डॉक्टरांनी ही पद्धत बैलांपुरती ठेवली नाही. चष्मा त्यांनी पूर्ण श्रावण चालवून पाहिला आणि परत केला. कवळी चालवून पाहिली. दंतवैद्यानं ती परत घ्यायला नकार दिला म्हणून केवळ ती घरात राहिली.

त्यांच्या मुलीला बघायला मुलगा आला तेव्हाची गोष्ट काकू रंगवून सांगत. पोहे झाले, चहा झाला, मुलाकडचे लोक मुलीला प्रश्न विचारायला सरसावून बसले, आणि डॉक्टर उठून मुलाला म्हणाले, "चला, शेत दाखवतो." शेतात गेल्यावर बांधावरून त्याला पुढे घातलं आणि स्वतः मागून चालले. परत आल्यावर काकूंनी खुणेनं विचारलं. डॉक्टरांनी निकाल दिला: "उजव्या पायानं जरासा आखडते, पन ओढीले चांगला हाये. अन् ढेकयातून चालताना इकडेतिकडे नाई पाहत."

लग्न झालं. जावई खरोखरच ओढीला चांगला निघाला. उजव्या पायाचं कारण नवे बूट होते.

त्यांची दुसरी सवय म्हणजे छापील सूचना शेवटपर्यंत वाचणं. त्या वर्षांत आमच्याकडे बीटी कापसाचा जोर होता. ज्याच्या त्याच्या तोंडी वाणांची नावं, आणि प्रत्येक नाव एखाद्या पैलवानाचं असावं असं. बियाण्याच्या खोक्यात एक छोटी पुडी साध्या बियाण्याची असे. ती शेताच्या कडेनं पेरा, म्हणजे बोंडअळीला खायला वेगळं मिळेल आणि ती बीटीला सरावणार नाही, असं आतल्या कागदावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असे. गावातल्या कोणीही ती पुडी कधी पेरली नाही. काहींनी ती फोडलीही नाही. डॉक्टरांनी चारी बाजूंनी ओळी धरून पेरली, आणि अळ्या खरोखरच त्या ओळींवर आल्या.

"डॉक्टरनं खानावय उघडली," पारावर लोक म्हणाले. "अया जेऊन जातात अन् घरी पार्सल नेतात."

"हसा," डॉक्टर म्हणाले. "कागदावर लेहेलं हाये."

आता सीडी प्लेअरकडे येतो. वास्तविक डॉक्टरांना संगीताचं काही नव्हतं. गरज काकूंची होती.

ज्येष्ठात काकूंचा भाचा औरंगाबादहून आला आणि येताना त्यानं एक सीडी आणली. काकूंनी ती हातात धरली, तिच्यात स्वतःचा चेहरा पाहिला, कुंकू नीट केलं, आणि मग विचारलं, "हे काय हाये?"

"मावशी, तू आहेस," भाचा म्हणाला.

मी तिथेच होतो. काकूंनी मला त्या दिवशी सगळं सांगितलं, डाळ निवडता निवडता, जणू दुसऱ्या कोणाची गोष्ट असावी तसं.

"लगनाच्या आंधी आमच्या गावात रेडिओवाले आले होते, सर. भुलाबाईची गानी घेतली त्यायनं. म्या एकटीनं म्हटलं, बाकीच्या पोरी मांगून. अन् लावलं कवा, तं लगन झाल्यावर. मी अथी, चुलीपाशी. सासरे रेडिओपाशी. त्या बाईनं आमच्या गावाचं नाव घेतलं, माया हातातली पिठाची चायनी थांबली, अन् मामंजीनं बटन फिरवलं. कापसाचे भाव आयकाचे होते त्याह्यले."

"मग?"

"मंग काय. भाव पडले होते."

थोड्या वेळानं त्यांनी ओसरीकडे मान वळवली. "हे तथीच बसून होते. बटन फिरवू नका, एवढं नाई बोलता आलं. इचार करून राह्यले होते."

"बोलनारच होतो," डॉक्टर ओसरीवरून म्हणाले. "तेवढ्यात गानं सरलं."

रेडिओवाल्यांबरोबर त्या वेळी फिरणाऱ्या एका गृहस्थाकडे ती टेप राहिली होती, ती भाच्याला सापडली, आणि त्यानं तिची सीडी करून आणली. भुलाबाईची गाणी म्हणजे आश्विनात पोरी भुलाबाई मांडून रोज संध्याकाळी म्हणतात ती. वऱ्हाडातल्या प्रत्येक बाईला येतात. पण आपला आवाज बाहेरून कसा येतो हे काकूंनी कधी ऐकलं नव्हतं, आणि आता तो त्यांच्या हातात होता. घरात सीडी वाजवायचं यंत्र मात्र नव्हतं.

"आनू न," डॉक्टर म्हणाले. "त्यात काय."

गावात टीव्ही, पंखे आणि बाजे विकणारं दुकान एकच होतं, सलीमभाईंचं. सलीमभाई आणि त्यांची आई शरीफाबी आमच्या शेजारीच राहत. कधीकाळी शरीफाबींची म्हैस अडली होती आणि डॉक्टरांनी रात्रभर बसून तिला मोकळं केलं होतं. त्या म्हशीच्या दुधावर सलीमचं शिक्षण झालं, असं शरीफाबी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. सलीमभाई आठवीतून शाळा सोडून बाहेर पडले होते, पण उपकार तो उपकार. डॉक्टरांना "नाही" म्हणायची त्या घराला मुभा नव्हती.

पहिल्यांदा सलीमभाईंनी मोठा बाजा पाठवला. दोन बाजूंना दोन स्पीकर, मध्ये लाल-निळे दिवे, मिठाईच्या दुकानासारखा झगमगाट. डॉक्टरांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली. झाकण उघडून आत वाकून पाहिलं, तोंड उघडून दात पाहतात तसं. मग वाजत असताना पाठीला हात लावून ताप बघितला आणि शेवटी स्टेथास्कोप लावला.

"दम चांगला हाये," ते म्हणाले. "खुराक काय?"

"बिजली पे चलता, साब. नाई तं आठ बडे सेल."

"आठ," डॉक्टर म्हणाले आणि खाली बसले.

आमच्याकडे तेव्हा भारनियमन असं होतं की लाइट आली म्हणजे लोक घराबाहेर येऊन एकमेकांना सांगत. डॉक्टरांनी महिनाभर बाजा ठेवून घेतला, रोज कधी आणि किती वाजला ते बघितलं, आणि परत पाठवला. "अंग मोठं, खानं मोठं, अन् बाकीचा दिवस बसून राह्यते," हा शेरा.

दुसरा आला तो तीन सीडींचा. बटण दाबलं की त्याचा पत्रा सरकन बाहेर येई आणि सीडी घेऊन आत जाई. गल्लीतली पोरं ते बघायला येत. डॉक्टर गंभीर झाले.

"हे आपल्या मनानं जीभ बाहेर काढते, सलीम."

"साब, तो उसका ट्रे है."

"मी चायीस वर्सं जीभा पाह्यल्या," डॉक्टर म्हणाले. "निरोगी जनावर इनाकारन जीभ नाई काढत."

या सगळ्या चाचण्या काकूंच्या सीडीवर होत नव्हत्या. ती देवघरात, गणपतीच्या मागे ठेवलेली होती. चाचणीसाठी बियाणे कंपनीनं खोक्यांवर फुकट दिलेली जाहिरातीची सीडी होती. तिच्यात एक भरदार आवाजाचा माणूस "शेतकरी बंधूंनो, आता चिंता सोडा" असं म्हणून चिंता सोडण्याचं कारण ढोलकीवर सांगत असे, आणि मागून बायका "सोडा, सोडा" म्हणत. श्रावण सरेपर्यंत ती आख्ख्या गल्लीला पाठ झाली. शरीफाबी भाकरी थापताना "सोडा, सोडा" म्हणत. माझ्या वर्गात एकदा मी फळ्याकडे पाठ केली असताना मागच्या बाकावरून चिंता सोडण्यात आली.

"एकदा मायी लावा न," काकू म्हणत. "वाजून तं राह्यला तो."

"हे अजून घरचं झालं नाई," डॉक्टर म्हणत. "मधात अडखयलं तं? मधात लाइट गेली तं? एकदा तुयं गानं अर्ध्यात तुटलं. आता एका बैठकीत झालं पाह्यजे."

शरीफाबींनी एकदा सुचवलं, "दुकान पे जा के सुन ले ना, बाई." काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की शरीफाबींनी तो विषय तिथेच सोडला. भर बाजारात, पंख्यांच्या आणि मिक्सरच्या मधोमध बसून स्वतःचं गाणं ऐकायचं, हे काकूंच्या कल्पनेत बसणारं नव्हतं.

भाद्रपदात सलीमभाई स्वतः आले. हातात तळहाताएवढं गोल यंत्र, त्याला दोन कानांत घालायच्या वायरी, आणि चेहऱ्यावर हा शेवटचा उपाय असल्याचा भाव.

"साब, ये चलता-फिरता है. दो पेन्सिल सेल. लाइटचं कामच नाई."

"अडखयते का?"

"नाई अडखयत. यात सिस्टम हाये. गानं वाजायच्या आंधीच ते पुढचं गानं पोटात घेऊन ठेवते. रस्त्यात झटका बसला तं पोटातलं वाजवते, तवरोक पुन्ना भरून घेते."

डॉक्टरांनी ते यंत्र दोन्ही हातांत घेतलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जी ओळख उमटली ती मी फक्त बैलांच्या बाबतीत पाहिली होती.

"म्हन्जे रवंथ करते," ते म्हणाले.

"जी?"

"आंधी गियते, मंग सावकाश चावते. सलीम, तू मले आतापावतर घोडे दाखवले. हे गोवंशाचं हाये."

सलीमभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी जिन्याकडे पाहिलं.

पण रवंथ करतो असं म्हणणं वेगळं आणि करताना पाहणं वेगळं. दुसऱ्या दिवशी बैलगाडी जुंपली. गाडीत गवताच्या पेंढीवर प्लेअर ठेवला, आत चिंता सोडायची सीडी, वायरी माझ्या कानांत. डॉक्टरांना हाकायचं होतं आणि त्यांचा डावा कान त्यांच्या मते भरवशाचा नव्हता. मला काम असं की गाणं अडखळलं की हात वर करायचा.

आमच्या शेताची वाट म्हणजे काळ्या मातीत पावसाळाभर चाकांनी पाडलेले चर. पहिल्या चरात मी स्वतः पेंढीवरून घसरलो, गाणं नाही. दुसऱ्यात माझा चष्मा गेला. "सोडा, सोडा" चालूच होतं. ओढ्यात गाडी उतरली तेव्हा एकदा आवाज तुटला आणि मी हात वर केला. समोरून निंदणीच्या बाया येत होत्या. त्यांनीही हात वर केले. पुढे आणखी दोनदा तेच झालं. वायरी कोणाला लांबून दिसत नव्हत्या; दिसत होते ते गाडीत बसून उजवा हात उंचावणारे सर. संध्याकाळपर्यंत मी जिल्हा परिषदेला उभा राहतो आहे अशी बातमी गावात पसरली, आणि एका पक्षाचे दोन कार्यकर्ते माडीवर येऊन माझ्याकडे चहा पिऊन गेले.

"तीनदा अडखयला," डॉक्टर परतताना म्हणाले. "पन ओढ्यात तं ढवय्या बी अडखयते." ढवळ्या म्हणजे डावीकडचा बैल. तो चांगला बैल होता, म्हणून हा शेरा कौतुकाचा धरायला हरकत नव्हती. तरीही निर्णय झाला नाही. "पाहू अजून. थंडीत कसा राह्यते ते पाह्यलं पाह्यजे."

त्या वर्षी पोळ्यानंतर पावसानं ओढ दिली. कपाशी आधी जोमात होती, मग पानं लाल पडायला लागली. बोंडअळी आली नाही, ती कंपनीनं सांगितल्याप्रमाणे आली नाही. पण बोंडंही फारशी आली नाहीत. कुठल्या गावात काय झालं याच्या बातम्या रोज येत आणि पारावर त्यांच्याबद्दल कोणी मोठ्यानं बोलत नसे. शहरांतून पाहणी करणारी पथकं जीपमधून येऊ लागली. आमच्या गल्लीतही एक आलं. त्यात एक जाडजूड प्राध्यापक होते, त्यांचा आवाज थेट जाहिरातीतल्या माणसासारखा होता. त्यांनी डॉक्टरांना खाटेवर बसवलं आणि स्वतः खाली बसले, म्हणजे समानता साधेल.

"काका, मोकळेपणानं बोला," ते म्हणाले. "तुमच्या मनावर काही ताण आहे का?"

"हाव," डॉक्टर म्हणाले.

प्राध्यापक पुढे सरकले. "कधीपासून?"

"मिरगापासून."

"झोप लागते?"

"कमी लागते. डोक्यात तेच चालते. घ्याव का नाई घ्याव."

"कर्ज?"

"नाई. बाजा." डॉक्टरांनी खिशातून प्लेअर काढला. "तुमी शिकलेले दिसता. तुमच्या घरी कोनता हाये? थंडीत तरास देते का?"

प्राध्यापकांनी आपल्या सहकाऱ्याकडे पाहिलं. सहकाऱ्यानं काहीतरी लिहिलं आणि खोडलं. जीप गेल्यावर काकू ओसरीवर आल्या.

"तुमाले कापसाचं इचारत होते ते."

"मले समजलं," डॉक्टर म्हणाले. "कापसाचं मी त्याह्यले काय सांगू. लाल झाला हे त्याह्यले गाडीतून दिसलं असंन."

"दोन येचन्यात शेत रिकामं झालं," त्या म्हणाल्या. "कापूस गेला तं गेला. मले मायं गानं तरी आयकू द्या. का त्याचेबी भाव पडाची वाट पाहून राह्यले?"

हे त्या ओरडून बोलल्या नाहीत. पण डॉक्टर त्या संध्याकाळी जेवले नाहीत, आणि सकाळी उठून त्यांनी जाहीर केलं की संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गाणं लागेल. हा त्यांच्या घरात मी ऐकलेला तारखेसहितचा पहिला निर्णय.

संक्रांतीला दुपारी अंगण बायकांनी भरलं. काकूंनी नऊवारी हिरवं नेसलं होतं. शरीफाबी तिळगूळ घेऊन पुढच्या रांगेत. डॉक्टरांनी चौरंगावर प्लेअर मांडला होता, वर झेंडूचं फूल. देवघरातली सीडी त्यांनी स्वतः आणली, धोतराच्या सोग्यानं पुसली, आत ठेवली आणि बटण दाबलं.

सगळं शांत. सगळ्या बायका प्लेअरकडे बघताहेत. प्लेअर फिरतो आहे.

"वाजत काऊन नाई?" मागून कोणीतरी विचारलं.

"वाजून राह्यला न," डॉक्टर म्हणाले, आणि त्या क्षणी त्यांच्या ध्यानात आलं. ज्येष्ठापासून त्यांनी त्या जातीचा ताप पाहिला, खुराक पाहिला, जीभ पाहिली, याला तर ओढ्यातून नेला. एका वेळी एकाच माणसाला ऐकू येतो, हे कोणीही पाहिलं नव्हतं. गाडीत ऐकणारा मी एकटा होतो, आणि एकट्याला तो उत्तम ऐकू येत होता.

"म्या सांगतलं होतं, मोठा घ्या," शरीफाबी म्हणाल्या. "सगयाह्यले आयकू आलं असतं."

"लाइट हाये का?" डॉक्टरांनी विचारलं.

लाइट नव्हती. त्यांचा हा मुद्दा आजही निर्विवाद आहे.

काकूंनी परिस्थिती हातात घेतली. "पाहुन्या आंधी," त्या म्हणाल्या. एकेकीला हळदीकुंकू, तिळगूळ आणि मग कानात वायरी. पहिल्या शरीफाबी. त्यांनी डोळे मिटले, दोन क्षण ऐकलं, आणि कानात वायरी असलेलं माणूस गातं तसं गायला लागल्या, म्हणजे गावाच्या वेशीपर्यंत ऐकू जाईल असं. भुलाबाईचं गाणं त्यांना लहानपणापासून येत होतं. आमच्याकडे ते सगळ्यांनाच येतं. त्यांच्यानंतरची बाईही तशीच. प्रत्येकीच्या कानात काकू, आणि तोंडातून तेच गाणं, जिच्या तिच्या माहेरच्या पद्धतीनं.

"हे असं नाई हो," एक म्हणाली, वायरी न काढता, सगळ्या अंगणाला उद्देशून. "आमच्याकडं सासू पयले रुसते, नंद मंग."

"आता हे रेडिओवाल्याले सांगजो," दुसरी म्हणाली.

अंगण हसून हसून थकलं. ऐकणारी गात होती, बाकीच्या तिच्यामागून म्हणत होत्या, आणि मला जिन्यात बसल्या बसल्या वाटलं की काकूंचं गाणं आधीच आख्ख्या गल्लीनं ऐकलं आहे. फक्त काकूंनी नाही.

त्यांची पाळी शेवटी आली. डॉक्टरांनी वायरी त्यांच्या हातात दिल्या, बटण दाबलं, आणि प्लेअरचा दिवा मिणमिणून विझला.

सलीमभाई मालाला चिखलीला गेले होते, दुकानाला कुलूप. काकूंनी वायरी चौरंगावर ठेवल्या. "राहू द्या," त्या म्हणाल्या. "मले माहीत हाये ते गानं."

डॉक्टर उठले. मी त्यांना इतक्या झपाट्यानं चालताना त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. आत गेले, भिंतीवरचं घड्याळ काढलं, त्यातला सेल काढला. "शरीफाबी, तुमचं घड्याय," ते म्हणाले. परवानगी म्हणून नाही, वर्दी म्हणून. शेजारच्या घरात गेले, तिथला सेल काढला. दोन्ही सेल हातांच्या मध्ये घासले, तोंडाची वाफ दिली, उन्हात धरले. नवजात वासराला चोळतात तसं ते चाललं होतं. मग आत बसवले.

"अन् मीबी आयकतो," ते म्हणाले.

वायरीला कान दोन आणि वायर आखूड. एक कान काकूंचा, एक डॉक्टरांचा, उजवा, भरवशाचा. त्यामुळे दोघांना डोक्याला डोकं लावून बसावं लागलं, एका जुवाखालच्या जोडीसारखं, भर दुपारी, सगळ्या गल्लीसमोर. बायकांनी पदर तोंडाला लावले. काकूंचे कान लाल झाले होते. डॉक्टरांनी प्लेअर दोन्ही तळव्यांवर धरला होता आणि त्यांच्या हाताची शीर हलत नव्हती. बहुधा श्वासही थांबवला होता, जेणेकरून अडखळायला कारण राहू नये.

काकू गायल्या नाहीत. मान थोडी पुढे झुकवून त्या नुसत्या ऐकत राहिल्या, दुसऱ्या खोलीतून आपल्याला कोणी हाक मारत असावं तशा. मग हसल्या. मला ते हसू लांबून दिसलं आणि मी जिन्यातला कोनाडा बघू लागलो.

आधी गाणं संपलं, मग प्लेअर बंद पडला. क्रम महत्त्वाचा होता.

"कसं हाये?" डॉक्टरांनी विचारलं.

"पोरगी बरी गाते," काकू म्हणाल्या. "तुमी काऊन डोये पुसून राह्यले?"

"ऊन लागलं."

दोन्ही घरांतली घड्याळं तीन-चार दिवस तशीच होती. सेल परत लावायचं कोणाला सुचलं नाही आणि त्यावाचून कोणाचं अडलंही नाही.

पुढे मी चिखलीला राहायला गेलो. मागच्या उन्हाळ्यात अमडापूरला चक्कर झाली. त्या वाणाचं बियाणं बाजारातून केव्हाच गेलं आहे, जाहिरात गल्लीला अजून पाठ आहे. डॉक्टर ओसरीवर बसले होते, गळ्यात स्टेथास्कोप. काकू आत कोणाशी तरी मोबाइलवर बोलत होत्या. चौरंगावर तोच प्लेअर, नव्या सेलांसह. दर संक्रांतीला वाजतो, असं समजलं.

परत येताना सलीमभाईंच्या दुकानात डोकावलो. आता तिथे मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात. मी सहज विचारलं, "सलीमभाई, तो प्लेअर डॉक्टरांनी शेवटी केवढ्याला घेतला?"

सलीमभाई काउंटर पुसत होते.

"घेतला कुठी, सर," ते म्हणाले. "साब अजून चालवून पाहून राह्यले."